अंगणात कोण जेवणार हे आधी ठरवा: स्थानिक झाडांची बाग कशी आखायची

बाग करायची ठरलं की आपण सरळ नर्सरी गाठतो आणि जे फुललेलं दिसेल ते गाडीत घालून आणतो, मी पण बरीच वर्षं हेच केलं. अंगण मस्त हिरवंगार झालं होतं, पानं चकचकीत, एकाही पानाला भोक नाही, आणि मला ते फार छान वाटायचं. मग एकदा आजारी होते म्हणून आठवडाभर रोज सकाळी खिडकीशी नुसती बसून राहिले आणि लक्षात आलं की पक्षी आपल्या अंगणावरून उडत जातात, उतरत नाहीत. उतरून करणार काय, खायलाच काही नव्हतं. पानांना भोकं नव्हती कारण आसपासच्या एकाही किड्याला ती पानं खाता येत नव्हती, आणि किडा नाही म्हणजे पक्षी नाही, इतकं सरळ आहे ते.

त्यामुळे आता बाग आखताना मी पहिला प्रश्न रंगाचा किंवा उंचीचा विचारत नाही, इथे कोण जेवणार हा विचारते. खाली जे लिहितेय ते सगळं ह्याच प्रश्नावरून पुढे जातं, मग घराभोवती मोठा प्लॉट असो की दहा बाय दहा फुटांचा तुकडा.

आधी थोडं विज्ञान

झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात रसायनं भरून ठेवतं, कुणी कडू, कुणी विषारी, कुणी चिकट. ही रसायनं पचवायला किड्यांना पिढ्यानपिढ्या लागतात, आणि एकदा एका कुळातल्या झाडांचं विष पचवता यायला लागलं की तो किडा बहुतेक त्याच कुळाला धरून बसतो. पानं खाणाऱ्या किड्यांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास जाती फक्त एक ते तीन वनस्पतीकुळांवर जगतात. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, बहुतेक प्राणी त्याला तोंड लावत नाहीत, पण प्लेन टायगर फुलपाखराची अळी तेच पान आरामात खाते आणि ते विष अंगात साठवून ठेवते, त्यामुळे पुढे फुलपाखरू झाल्यावर पक्षी तिला टाळतात. उत्तर अमेरिकेतलं मोनार्क फुलपाखरू हेच करतं, तिथे रुईच्या कुळातलीच मिल्कवीड नावाची झाडं असतात. ती झाडं काढून टाकली आणि जागी कितीही सुंदर परदेशी फुलं लावली तरी मोनार्कची अळी जगणार नाही, तिला दुसरं काही खाताच येत नाही.

आता पक्ष्यांचं बघा. जे पक्षी एरवी दाणे किंवा फळं खातात त्यांच्यातलेही बरेचसे पिल्लांना किडेच भरवतात, कारण वाढत्या पिल्लाला प्रथिनं आणि चरबी लागते आणि अळी मऊ असते, घशात अडकत नाही. उत्तर अमेरिकेत चिकाडी नावाचा एक जेमतेम दहा ग्रॅमचा पक्षी आहे, त्याला एका वेळची पिल्लं घरट्यातून उडेपर्यंत ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. एका जोडीला! वॉशिंग्टन शहराच्या आसपासच्या घरांच्या बागांमध्ये डेझिरे नारांगो, डग्लस टॅलमी आणि पीटर मारा या संशोधकांनी ह्या पक्ष्याचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बागांमध्ये स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांपेक्षा कमी होता तिथे ह्या पक्ष्याची संख्या टिकण्याइतकी पिल्लं जगत नव्हती. आता हा आकडा एका भागातल्या एका पक्ष्याचा आहे, पण आखणी करताना धरून चालायला मला तो उपयोगी वाटतो. त्यातला ७० टक्के हा वाटा झाडांच्या आकारमानाचा आहे, रोपांच्या संख्येचा नाही, म्हणजे एक मोठं स्थानिक झाड पन्नास कुंड्यांपेक्षा जास्त मोजलं जातं. आणि उरलेल्या ३० टक्क्यांत तुमचा आवडता गुलाब बसतोच, तो उपटायची काही गरज नाही.

इथे बरेच जण म्हणतात की अहो पण घाणेरीवर किती फुलपाखरं येतात. येतात ना, मध प्यायला येतात. पण अंडी घालायला त्यांना दुसरीकडे जावं लागतं, आणि ते दुसरीकडचं झाड आसपास नसेल तर पुढच्या वर्षी मध प्यायलाही कुणी येणार नाही. घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, शोभेसाठी म्हणून जगभर नेली आणि भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका सगळीकडे तिने रानं व्यापली. चीनमधून ब्रिटनमध्ये शोभेसाठी नेलेल्या बडलियाचंही तेच, त्याला तर बटरफ्लाय बुश असंच नाव पडलंय, फुलावर गर्दी असते पण पान खाणारे फारच थोडे, आणि आता रेल्वेलाइनच्या कडेने ते आपोआप पसरतंय. म्हणून झाड निवडताना दोन वेगळे प्रश्न विचारायचे, फुलावर कोण येतं आणि पान कोण खातं. दुसरा जास्त महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

स्थानिक म्हणजे नक्की कुठलं

देशी झाड असं म्हटलं की आपण देशाची सीमा डोळ्यासमोर आणतो, पण झाडाला सीमा कुठे कळते. एकाच देशात समुद्रकाठची खारी जमीन, डोंगरातलं ओलं जंगल आणि कोरडं माळरान असू शकतं, आणि एकीकडचं झाड दुसरीकडे पाहुणंच असतं. शास्त्रज्ञांनी जमिनीचे हवामान, माती आणि जीवसृष्टीप्रमाणे भाग पाडलेत, त्यांना इकोरिजन म्हणतात, २०१७ च्या नकाशात जगभरात असे ८४६ आहेत. तुमचं घर त्यातल्या कुठल्या भागात येतं ते शोधा, नकाशे ऑनलाइन फुकट आहेत. पण त्याहीपेक्षा उपयोगाचं काम म्हणजे घरापासून जवळात जवळ जो न बिघडलेला तुकडा उरला असेल, एखादी टेकडीची बाजू, ओढ्याचा काठ, जुनं कुरण, तिथे वर्षातून तीन-चार वेळा जायचं. कुठलं झाड उन्हात आहे, कुठलं दुसऱ्याच्या सावलीत, कुठलं दगडात, कुणाच्या शेजारी कोण, हे लिहून ठेवायचं. फोटो काढून आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकले की ओळखायला मदत मिळते, तिथेच तुमच्या भागात इतरांनी काय काय नोंदवलंय तेही दिसतं. वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात बहुतेक वेळा त्या भागाची वनस्पतींची जाडजूड यादी असते, तीही मागून बघा.

एक गोष्ट जरा कळकळीने सांगते. तुमच्या जागी मुळात गवताळ माळ असेल तर तिथे दाट जंगल लावू नका. जपानचे वनस्पतीशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी दर चौरस मीटरला तीन-चार रोपं लावून जंगल उभं करायची पद्धत दिली, जिथे मुळात जंगलच होतं तिथे ती शोभते, पण हल्ली ती सरसकट सगळीकडे लावतात. माळरानावरचे पक्षी जमिनीवर गवतात घरटी करतात, त्यांना उघडं आकाश लागतं, झाडांच्या गर्दीत ते राहत नाहीत. गवत, मधूनमधून झुडपं आणि एखादंच झाड, ही सुद्धा पूर्ण बाग आहे आणि तिला पाणीही कमी लागतं.

खरेदीच्या आधी जागा वाचा

शक्य असेल तर एक वर्ष काहीही लावू नका. माहितीये, हे कुणालाच आवडत नाही, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा तरी थांबा. मोठ्या कागदावर १ सेंटीमीटरला १ मीटर असं प्रमाण धरून घर, कंपाउंड, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी, वरून जाणाऱ्या तारा, आधीची झाडं सगळं काढा आणि त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. एका प्रतीवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कुठे पडतं ते रंगवा, तेही दोन वेगळ्या ऋतूंत, कारण सूर्य सरकतो आणि ज्या कोपऱ्याला आपण सावलीचा समजतो तिथे कधी कधी चार महिने कडक ऊन असतं. दुसऱ्या प्रतीवर पाऊस पडत असताना छत्री घेऊन बाहेर जाऊन पाणी कुठून कुठे वाहतं आणि कुठे साचतं ते बाणांनी दाखवा. तिसऱ्यावर माणसं कुठून चालतात ते, कारण जिथून रोजचं जाणं-येणं आहे तिथे तुम्ही काहीही लावलं तरी ते तुडवलं जाणार.

माती बघायला काचेची बरणी पुरते. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर भांडी घासायची पावडर, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ दोन-एक तासांत आणि चिकणमाती एक-दोन दिवसांत, थर मोजले की कशाचं किती ते कळतं. मग पाणी जिरतं कसं ते बघायला ३० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, परत भरा आणि ह्या दुसऱ्या वेळी तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. २.५ सेंटीमीटर किंवा जास्त उतरली तर उत्तम, १ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर तिथे पाणी तुंबणार हे धरून चाला.

आणि मग माती बदलायच्या मागे लागू नका. हे मला फार उशिरा कळलं. दगडगोट्यांत वाढणाऱ्या झाडाला मी गाडीभर शेणखत घातलं, ते भराभर वाढून लुळं पडलं आणि त्यावर मावा ही कीड पडली. तुमची माती जशी आहे तशीच मानवणारी झाडं त्या जवळच्या तुकड्यात आहेतच, ती निवडायची. अपवाद एकच, बांधकामामुळे दाबून दगड झालेली जमीन. तिथे दात्यांच्या फावड्याने जमीन सैल करायची, मलबा काढायचा आणि वर पालापाचोळ्याचा थर द्यायचा, बाकीचं काम गांडुळं करतात.

पाणी

१ चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, हे एवढं पाठ करा. छपराचा ५० चौरस मीटर भाग एका पाइपात उतरत असेल आणि २५ मिलीमीटर पाऊस पडला तर १,२५० लिटर पाणी त्या एका पाइपातून येतं, आणि आपण ते सरळ गटारात सोडतो. त्याऐवजी रेनगार्डन करता येतं, म्हणजे एक उथळ, सपाट तळाची खळगी जिच्यात ते पाणी थांबतं आणि जिरतं. वरच्या हिशेबात १५ सेंटीमीटर खोल आणि साधारण ८ चौरस मीटर एवढी खळगी पुरते. घराच्या पायापासून निदान ३ मीटर लांब घ्या, सेप्टिक टँकजवळ नको, मोठ्या झाडाच्या मुळांवर खणू नका. उताराच्या खालच्या बाजूला काढलेल्या मातीचाच छोटा बांध घाला आणि जास्तीचं पाणी निघायला एक दगडांची वाट ठेवा, ती कुणाच्या दारात जात नाही ना ते बघून.

डासांची भीती सगळ्यांनाच वाटते. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभराच्या आसपास लागतो, आणि नीट केलेली खळगी एक-दोन दिवसांत कोरडी होते, त्यामुळे डास होत नाहीत. तुमची होत नसेल तर उथळ करा किंवा जागा बदला. तळाला लावायची झाडं ओढ्याकाठची निवडा, ज्यांना दिवसभर पाय पाण्यात चालतात आणि नंतर महिनोन् महिने कोरडंही चालतं. कडेला कोरड्या जमिनीतली. ही खळगी माझ्या अंगणातला सगळ्यात गजबजलेला कोपरा आहे, बेडूक तर कुठून आले देव जाणे.

आता आखणी

जंगलात किंवा माळावर बघा, उघडी माती फार कमी दिसते, उंच झाडाखाली छोटं झाड, त्याखाली झुडूप, त्याखाली गवत आणि जमिनीला धरून पसरणारं काहीतरी, वर वेली. आपण मात्र एक झाड, भोवती गोल उघडी माती, मग दोन फुटांवर दुसरं झाड असं लावतो आणि त्या उघड्या मातीत तण आलं की वैतागतो. जागा रिकामी ठेवली की कुणीतरी येणारच. म्हणून प्रत्येक थर भरायचा, छोटी रोपं आणि गवताचे ठोंब ३० ते ४५ सेंटीमीटरवर लावले की दोन-तीन वर्षांत एकमेकांना भिडतात आणि तणाला ऊन मिळत नाही.

सुरुवात मोठ्या झाडापासून करा, कारण ते हलवता येत नाही आणि अळ्यांचं सगळ्यात मोठं कोठार तेच असतं. प्रत्येक भागात थोड्याच झाडांवर खूप जास्त किडे जगतात, उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागात तो मान ओकचा आहे. उष्ण प्रदेशात वड-उंबराच्या जातीची झाडं फळांसाठी तशीच, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक जातीला परागीभवनासाठी स्वतःची वेगळी छोटी गांधीलमाशी असते, आणि इतर झाडांना फळं नसतात त्या दिवसांत पक्षी-वटवाघळं त्यांच्यावर निभावतात. पण वडासारखं झाड भिंतीजवळ चुकूनही नको. कुठलंही झाड पूर्ण वाढल्यावर त्याचा घेर किती होतो ते विचारा आणि भिंतीपासून निदान त्याच्या निम्म्या अंतरावर लावा. मुळं खोल खाली जातात असा समज आहे, खरं तर बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. जागा लहान असेल तर मोठ्या झाडाचा हट्ट सोडा, स्थानिक छोटं झाड आणि दोन झुडपं भरपूर झाली.

मग एक तक्ता करा, वर महिने, बाजूला झाडं, कुठल्या महिन्यात कशाला फूल आणि कशाला फळ. बारा महिन्यांत एकही कॉलम रिकामा राहता कामा नये, थंड प्रदेशात निदान हिवाळा सोडून. बहुतेकांचा तक्ता एका ऋतूत गच्च भरतो आणि पुढे तीन महिने काहीच नसतं, त्या तीन महिन्यांत मधमाश्यांनी काय करायचं. आणि एकाच जातीची पाच-सात रोपं एका घोळक्यात लावा, एक इथे एक तिथे नको. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच प्रकारच्या फुलांवर जाते, घोळका असला की तिचं काम सोपं होतं, आणि माणसाच्या डोळ्यालाही ते मुद्दाम केलेलं दिसतं.

हे मुद्दाम केलेलं दिसणं मी फार महत्त्वाचं मानते. स्थानिक बाग पहिली दोन वर्षं पडीक जागेसारखी दिसते आणि शेजारी, सोसायटी, घरातली मोठी माणसं सगळे बोलायला लागतात. लँडस्केप आर्किटेक्ट जोन नॅसॉअर यांनी १९९५ मध्ये हेच मांडलं होतं की जंगली दिसणाऱ्या गोष्टीला नीटनेटकी चौकट दिली की लोक ती स्वीकारतात. म्हणजे कडेने कापलेल्या गवताचा एक पट्टा, दगडाची स्वच्छ कड, दोन माणसं शेजारी चालतील अशी १.२ मीटरची पायवाट, एक बाक, झाडांच्या नावाच्या पाट्या. उंच झाडं मागे, रस्त्याच्या बाजूला गुडघ्याएवढी. आत काय वाटेल ते दाट असू दे. पाट्या लावल्यापासून माझ्याकडे तक्रारी थांबल्या आणि लोक बिया मागायला लागले.

लॉन काढायचं की नाही? मुलं खेळतात, आपण बसतो तेवढं ठेवा, बाकीचं काढा. जिथे फक्त कापायला म्हणून पाऊल पडतं ते लॉन कुणाच्याच उपयोगाचं नाही.

जमीन तयार करणं आणि लावणं

आधी जे पसरणारं परदेशी आहे ते काढा, आणि ते फळ-बी धरायच्या आत. सगळी जागा एकदम उघडी करू नका, जेवढी लावून होईल तेवढीच, नाहीतर तिथे तणाचं रान माजतं. गवत मारायला रसायन लागत नाही, गवत अगदी बुडाशी कापून वर कार्डबोर्डची खोकी उलगडून पसरा, टेप आणि चकचकीत छपाई असलेली नको, कडा एकमेकांवर वीतभर चढवा, भिजवा आणि वर १० सेंटीमीटर पालापाचोळा टाका. काही महिन्यांत खालचं गवत मरतं आणि पुठ्ठा कुजतो. जमिनीखालून धावणाऱ्या मुळांची जी हट्टी तणं असतात त्यांना मात्र हे पुरत नाही, ती आधी खणूनच काढावी लागतात.

रोपं घेताना छोटी घ्या. मोठं झाड महाग असतं आणि खणून काढताना त्याची बरीचशी मुळं तुटलेली असतात, ते सावरेपर्यंत छोटं रोप त्याला गाठतं. कुंडीतून काढून मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ती सोडवा किंवा कापा, नाहीतर पुढे तीच मुळं झाडाचा गळा आवळतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद पण तेवढाच खोल, खोड जिथे मुळांकडे रुंदावतं ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. काढलेलीच माती परत भरा, खड्ड्यात खास खत-माती घातली की मुळं तिथेच घुटमळतात, बाहेर जात नाहीत. वर ५ ते ८ सेंटीमीटर पालापाचोळा, खोडापासून एक वीत दूर. पावसाचे दिवस सुरू होताना लावलं तर निम्मं पाणी वाचतं.

नर्सरीत हे जरूर विचारा की रोपांवर काय फवारलंय. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं झाडात आतून भिनतात, पानात, परागात, मधात सगळीकडे, आणि मग आपण मधमाश्यांसाठी म्हणून आणलेलं झाड त्यांनाच मारतं. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये अशा तीन रसायनांचा उघड्यावर वापर बंद केला. आणि दुप्पट पाकळ्यांच्या फुलांपासून लांब राहा, त्यात बहुतेक वेळा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणजे पराग नाहीच. हिरव्या पानाच्या झाडाची लाल-जांभळ्या पानांची जात पण नको, त्या रंगद्रव्यामुळे अळ्यांना ती पानं कमी मानवतात. रानातून रोप उपटून मात्र कधीच आणू नका. परवानगी असेल तिथे थोड्या बिया गोळा करा, एका झाडावरून सगळ्या नको, अनेक झाडांवरून थोड्या थोड्या, म्हणजे तुमच्या रोपांत विविधता राहते.

जेवणानंतर राहायचं कुठे

ह्या भागाकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. झाडावर वाढलेल्या कितीतरी अळ्या शेवटी खाली उतरतात आणि पालापाचोळ्यात किंवा भुसभुशीत मातीत कोष करतात. आपण झाडाखाली लॉन किंवा पेव्हर ब्लॉक ठेवले असतील, किंवा रोज सकाळी झाडून पाला जाळत असू, तर झाड स्थानिक लावून काय उपयोग, पुढची पिढी तिथेच संपते. म्हणून झाडाच्या घेराखाली पाला पडू द्या आणि सावलीतली छोटी झाडं लावा. पाला जाळणं तर आजच बंद करा.

जगातल्या मधमाश्यांच्या जातींपैकी साधारण ७० टक्के जमिनीत बिळं करून राहतात, पोळं करत नाहीत, त्यांना उन्हातली थोडी उघडी, न तुडवलेली माती लागते, तेव्हा एक-दोन चौरस मीटर तशी जागा राखा. भुंग्यांसाठी वाळलेलं लाकूड. फांदी पडली तर कोपऱ्यात रचून ठेवा. पाण्याचं उथळ भांडं, ३-४ सेंटीमीटर खोल, आत दगड, दर दोन-तीन दिवसांनी धुऊन परत भरायचं.

रात्रीचे दिवे बंद करा, खरंच. पांढऱ्या-निळसर उजेडाभोवती पतंग रात्रभर फिरून थकून मरतात आणि त्यांच्या अळ्या हेच तर आपल्या पक्ष्यांचं अन्न आहे. लागतोच दिवा तर २७०० केल्व्हिन (हे उजेडाच्या रंगाचं माप) किंवा त्याहून कमीचा पिवळसर, खाली तोंड केलेला, सेन्सरवर चालणारा. आणि बाग गजबजली की पक्षी खिडकीच्या काचेवर आपटायचा धोका वाढतो, काचेत त्यांना झाडंच दिसतात ना. काचेच्या बाहेरच्या बाजूने दर ५ सेंटीमीटरवर ठिपके किंवा दोऱ्या लावा, एखादं घारीचं स्टिकर चिकटवून काही होत नाही.

पहिली तीन वर्षं

पहिल्या वर्षी वर काही वाढत नाही, झाड मुळं करत असतं, तेव्हा घाबरून खत ओतू नका. पाणी रोज थोडं थोडं नको, काही दिवसांनी पण भरपूर, म्हणजे मुळं खाली जातात. तण मात्र दर आठवड्याला काढा, ह्या वर्षी कंटाळा केला तर पुढची तीन वर्षं निस्तरावं लागतं. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर बहुतेकांना पाणी बंद करता येतं. छाटणी पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत करू नका, आणि फुलं सुकली की लगेच कापू नका, बिया खायला पक्षी येतात, पोकळ देठांत छोट्या मधमाश्या अंडी घालतात.

आणि मग एक दिवस एखादं झुडूप अळ्यांनी पार बोडकं केलेलं दिसेल. औषध आणायला धावू नका, हात बांधून बसा. मुळं धरलेलं झाड परत फुटतं, आणि तोवर पक्षी, कोळी, गांधीलमाश्या ह्यांना बातमी लागलेली असते. माझ्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा दहा-बारा दिवसांत नवी पालवी आली होती. मावा आला तरी थांबा, पाठोपाठ लेडीबर्ड येतात, एकदा फवारलं की मावा आधी परत येतो आणि त्याला खाणारे फार उशिरा.

एक वही ठेवा, महिन्याला एक पान. कुठल्या झाडाच्या पानाला भोकं पडली, कोण खात होतं, फुलावर कोण आलं, पक्षी कुठल्या फांदीवर काय शोधत होता. वर्षाच्या शेवटी ज्या झाडाच्या नावापुढे काहीच लिहिलं गेलं नसेल त्याची जागा पुढच्या हंगामात स्थानिक झाडाला द्या, आणि ज्याची पानं सगळ्यात जास्त खाल्ली गेली त्याच्या बिया गोळा करून त्याची आणखी चार रोपं करा.